चटईताईंनी सांगितलेला आकडा

माझी धाकटी जाऊ तिच्या शाळेत चटईताई म्हणून ओळखली जायची. मुलांनीच ठेवलेलं नाव. माँटेसरी शाळा, त्यामुळे वर्गात बाकं नाहीत. कुठलंही काम करायचं तर मुलानं आधी चटई आणायची, जमिनीवर नीट पसरायची, काम झालं की गुंडाळून जागेवर ठेवायची. हे सगळं होईपर्यंत ही बाजूला उभी राहून बघायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. एखादं पोर चटई तीनदा गुंडाळायचं, तीनदा ती सुटायची, तरी हिचा हात पुढे यायचा नाही. मी एकदा तिच्या वर्गात अर्धा तास बसले होते. माझेच हात शिवशिवायला लागले. त्या मुलाच्या हातातून चटई ओढून घेऊन गुंडाळून टाकावी, असं मला वाटलं, आणि तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला विमा कंपनीत पाठवलं, वहिनी."

विमा कंपनीत माझी अख्खी नोकरी झाली. पगारवाढ अडकली की साहेबाच्या केबिनमध्ये आधी मी आणि मग माझा अर्ज, असा क्रम असायचा. त्यामुळे या बाईचं आणि माझं कसं जमलं, हे आमच्या घरात अजून कुणाला उलगडलेलं नाही. दोन सख्खे भाऊ आम्ही दोघींनी वाटून घेतले. माझ्या वाट्याला बोलका आला, तिच्या वाट्याला गप्प. दोघं नवराबायको घरी आहेत की नाही, हे बाहेरून कळायचं नाही, दार ढकलून बघावं लागायचं.

ती शाळेत लागली तीसुद्धा गप्प राहूनच. तिची मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिला सोडायला गेली होती. दारात मुलगी बुटाची नाडी बांधायला बसली. येत नव्हती. मागे आईबापांची रांग लागली, कुणी घड्याळ बघतंय, कुणी खाकरतंय, आणि ही भिंतीला टेकून उभी. मुलीनं नाडी बांधली, वाकडीतिकडी का होईना, पण स्वतः बांधली. शाळा ज्यांनी काढली त्या मोठ्या बाई खिडकीतून हे बघत होत्या. त्यांनी हिला आत बोलावलं आणि सोमवारपासून याल का, असं विचारलं. शिक्षण कितीपर्यंत झालंय हे नंतर विचारलं. वर्षभराचा प्रशिक्षणाचा वर्गही त्यांनीच करवून घेतला.

आता त्या शाळेची पगाराची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मोठ्या बाई वडिलांच्या बंगल्यात शाळा चालवायच्या, फी भरपूर होती, आणि त्यांची स्वतःची काही मतं होती. मूल जसं फळीवरचं काम स्वतः निवडतं, तसा शिक्षिकेनं आपला पगार स्वतः सांगायचा, हे त्यातलं एक. वर्ष सुरू व्हायच्या आधी एकेकीनं बाईंच्या खोलीत जायचं, तिथल्या बुटक्या खुर्चीवर बसायचं आणि आकडा सांगायचा. फारच अवाच्या सवा असेल तर बाई म्हणायच्या, "पुन्हा विचार करून या." नाहीतर मान हलवायच्या आणि लिहून घ्यायच्या. कमी सांगितला तर मात्र काही म्हणायच्या नाहीत. आणि एक कडक नियम होता: आपला आकडा दुसरीला सांगायचा नाही, दुसरीचा विचारायचा नाही. त्या शाळेत मुलांना गुण नाहीत, बक्षीस नाही, 'बघ त्यानं किती छान केलं' असं कुणी म्हणायचं नाही. मुलांची तुलना करायची नाही, तर मोठ्यांची कशाला, असा हिशेब.

पहिल्या वर्षी हिला काय सांगावं सुचेना. तेव्हा दिरांचा छापखाना बरा चालायचा. पावतीपुस्तकं, पत्रकं, दुकानांच्या पिशव्यांवरची नावं. घरखर्च ते बघत होते. हिनं म्हटलं, भाड्यापुरते मिळाले तरी पुष्कळ. म्हणून जेवढं घरभाडं होतं तेवढा आकडा तिनं सांगितला. बाईंनी मान हलवली.

आणि मग तीच सवय लागली. मालकानं भाडं वाढवलं की ही आकडा वाढवायची. नाही वाढवलं तर नाही. घरोघरी छपाईची यंत्रं आली आणि छापखाना बसला, दीर एका स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागले, तेव्हा तिनं भाड्यात विजेचं बिल मिळवलं. वीसेक वर्षं या बाईचा पगार मालकानं आणि वीज कंपनीनं ठरवला. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं की ती म्हणायची, "पुरेसा आहे." नियम तो नियम, त्यात जाऊ आली, मोठी जाऊ आली, सगळे आले.

मी एवढं मात्र बघत होते की संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पॉलिश पेपर पसरलेला असायचा. मुलांनी बोट फिरवून अक्षर शिकायचं म्हणून ही खरखरीत कागदातून अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. बटणं लावायला शिकायच्या कापडी चौकटी घरी शिवायची. त्याचे वेगळे पैसे मिळतात का, विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भाजी निवडायचे पैसे मागत होते. सवलत म्हणाल तर एक मिळाली: मुलगी होती तोवर तिची फी माफ. मुलगी तिथून बाहेर पडली तशी सवलतही गेली. आजारपणाचं, औषधपाण्याचं काही नाही. वर्षानुवर्षं जमिनीवर बसून उठून गुडघे गेले. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. शाळेनं काय दिलं? बसायला उशी. चांगली जाड होती, ते कबूल करते.

बाई म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी हिला व्यवस्थापिका केलं. किल्ल्या हिच्याकडे, पालकांची भांडणं हिच्याकडे, गळका नळ, बिघडलेला पंखा, सुट्टीवर गेलेली शिक्षिका, सगळं हिच्याकडे. मोठ्या माणसांना बसता येईल अशा उंचीचं टेबल आणि खुर्ची मिळाली. वर्गही चालूच. तरी आकडा तोच राहिला, कारण त्या वर्षी भाडं वाढलं नव्हतं.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. घरमालक गेला आणि त्याच्या मुलाला त्या दोन खोल्या विकायच्या होत्या. मुलगा चांगला निघाला. म्हणाला, काकू, पहिला हक्क तुमचा, मी वर्षभर थांबतो. आणि हिचं नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडत होतं. शाळेचा नियम होता की शेवटच्या वर्षी महिन्याचा जो पगार असेल तो नोकरीच्या वर्षांनी गुणून निवृत्तीला एकरकमी पैसे द्यायचे. दिरांना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, दुकान सुटलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता. या वर्षी ही जो आकडा सांगेल, त्यावर त्या दोन खोल्या त्यांच्या होणार किंवा नाही. नाही झाल्या तर मुलीच्या घरी जायचं. मुलगी प्रेमळ आहे, पण तिच्याकडे आहे काय, तर बाहेरच्या खोलीतला उघडमीट करायचा सोफा. रात्री जावई टीव्ही बंद करतील तेव्हा ह्यांनी आडवं व्हायचं. "जावई फार उशीर करत नाहीत," असं दीर म्हणाले. त्या घरात तक्रार म्हणून जास्तीत जास्त एवढंच बोललं जातं.

त्या वर्षी बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. म्हणून त्यांनी हिला सांगितलं, आकडे सांगायला सगळ्या येतील तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी बसा आणि त्या जो सांगतील तो माझ्या कानात सांगा. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, देव जाणे. ही बसली.

पहिली आली ती नवी मुलगी. प्रशिक्षण संपवून नुकतीच लागलेली, अजून दट्ट्यांची पेटी, लाकडी दट्टे आपापल्या भोकात बसवायची ती, फळीवर उलटी ठेवते म्हणून हिनंच तिला दोनदा दाखवलेलं. तिनं आकडा सांगितला. तो हिच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता. हिला वाटलं, आता बाई म्हणणार, पुन्हा विचार करून या. हिनं तो कानात सांगितला. बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतला. मग गाण्याच्या ताई आल्या, मग बागकामाच्या, मग बाकीच्या. प्रत्येकीचा आकडा हिनं बाईंच्या कानात सांगितला, प्रत्येकीला बाईंनी मान हलवली. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. त्यांचाही हिच्यापेक्षा थोडा वर होता.

या सगळ्या बायका वर्षानुवर्षं बसथांब्यावर उभ्या राहून एकमेकींना आकडे सांगत होत्या, हे त्याच दिवशी मावशींनी तिला सांगितलं. "तुम्हाला कोण सांगणार, ताई, तुम्ही नियमाच्या." म्हणजे नियम पाळणारी त्या शाळेत एकच होती. आमची.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि हे सगळं तिनं एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. नव्या मुलीचा आकडा, गाण्याच्या ताईंचा, मावशींचा. मग स्वतःचा, पहिल्यांदाच. मी हातातलं काम खाली ठेवलं. माझे यजमान आतून बाहेर आले आणि म्हणाले, परत सांग. तिनं परत सांगितला. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं घोटभर पाणी पिऊन पेला पालथा घातला आणि म्हणाली, "व्यवस्थापिकेचा आकडा शेवटी असतो. परवा माझा नंबर."

मी चिडले. मी चिडते तेव्हा कामाची असते. मालकाच्या मुलानं सांगितलेली किंमत घेतली, त्यातून या दोघांची पुंजी वजा केली, नोकरीच्या वर्षांनी भागलं आणि पगार किती असायला हवा ते काढलं. तो गाण्याच्या ताईंच्या आकड्याच्या थोडा वर निघाला. शाळा चालवणाऱ्या बाईला तेवढा काही अवाच्या सवा नव्हे. तिला समोर बसवून म्हणायला लावलं. ती म्हणाली. "असं नाही, माझ्याकडे बघून." ती माझ्याकडे बघून म्हणाली. स्वयंपाकघरातून दोनदा अचानक विचारलं, दोन्हीदा बरोबर सांगितला. पाठ तर झाला होता. पण पाठ असणं वेगळं आणि त्या बुटक्या खुर्चीवर बसून तोंडातून निघणं वेगळं, हे मला कळत होतं. दिरांना फोन केला तर ते म्हणाले, "तिला वाटेल तो सांगू दे." मी फोन ठेवला. त्यांना अजून काही बोलायचं असतं तर त्यांनी बोलायला हवं होतं.

ठरल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. कारण गुडघ्यांचं सांगितलं. बाईंच्या खोलीबाहेर मुलांनी बूट काढायला बसायचं बाक असतं, त्यावर मी बसले, माझे गुडघे हनुवटीशी. दार अर्धं उघडं होतं. मुलं नव्हती. रिकाम्या वर्गात चटया कोपऱ्यात उभ्या केलेल्या, फळीवर गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचून ठेवलेला.

बाई म्हणाल्या, "बोला, ताई."

हिनं आकडा सांगितला. बरोबर सांगितला, मी काढलेला. पण तिच्या नेहमीच्या आवाजात. तो आवाज ऐकू येणाऱ्यालाही जेमतेम ऐकू येतो.

बाई म्हणाल्या, "किती?"

आणि इथे घोटाळा झाला. शेजारी बसून कानात सांगणारी आज समोर बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी. हिनं दुसऱ्यांदा सांगितलं, थोडं मोठ्यानं. मी बाहेर बसून डोळे मिटले, कारण तो आकडा कमी होता. नव्या मुलीएवढा. बाईंनी पुन्हा कानामागे हात धरला. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारलं की ही मावशींवर येणार आणि चौथ्यांदा घरभाड्यावर. मी उठून आत जाणार होते. पण त्या बुटक्या बाकावरून मला पटकन उठता आलं नाही, म्हणून राहिलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ही उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, रिकाम्या खुर्चीत बसली आणि बाईंच्या कानाशी वाकली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

बाई म्हणाल्या, "कुणाचा?"

"माझा."

बाईंनी हिच्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. लिहिताना म्हणाल्या, "मी इतकी वर्षं वाट बघत होते. मूल चुकीच्या भोकात दट्ट्या घालत असलं तरी मध्ये बोलायचं नसतं. त्याला स्वतःला दिसावं लागतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत."

ही म्हणाली, "मूल रडायला लागलं तर आपण जवळ जातो, बाई." हे मात्र तिनं बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

"तुम्ही कधी रडला नाहीत."

ही उठली, बाहेर आली, बाकाशी थांबली, मला हात देऊन उठवलं. फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला, मग विचारलं की कानात कुठला सांगितलास. म्हणाली, पहिला. मग दुसऱ्यांदा कमी का केलास? म्हणाली, घाबरले. "पण कानात सांगायचं काम माझं आहे ना, वहिनी. समोरची पहिल्यांदा जे बोलली तेच सांगायचं. त्या दिवशी नव्या मुलीनंही घाबरून मागाहून कमी केला होता. मी तिचा पहिलाच सांगितला." म्हणजे आपलं काम चोख करायच्या नादात तिनं स्वतःला योग्य पगार देऊन टाकला. मी हसायला लागले. ती हसली नाही, रस्ता ओलांडायचा म्हणून दोन्हीकडे बघत होती.

वर्ष झालं, ती निवृत्त झाली. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, शाळेनं एका पैशानं फसवलं नाही. मालकाच्या मुलानंही शब्द पाळला. सह्या करायला मी आणि माझे यजमान साक्षीदार म्हणून गेलो. कारकून जिथे बोट ठेवेल तिथे ही सही करत गेली. दीर तिच्या मागे उभे राहून कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, त्यांना दिसत काही नव्हतं. मुलीचा फोन आला, ती तिकडे रडत होती, आनंदानंच. हिनं फोन कानापासून थोडा लांब धरून "हो, हो, जेवलीस का," एवढंच म्हटलं. गुडघ्यांच्या ऑपरेशनला मात्र काही उरलं नाही. मी देऊ केले तर म्हणाली, राहू द्या, बसते मी खुर्चीवर.

परवा तिच्याकडे गेले होते. त्याच दोन खोल्या, तोच खिडकीशी पलंग, काही बदललेलं नाही. बरं वाटतं का, म्हणून विचारलं. म्हणाली, वाटायला हवं. मग मला राहवलं नाही. त्या बाईचा राग येत नाही का तुला, असं सरळ विचारलं. वीस वर्षं समोर बसून बघत राहिली, एक शब्द टाकला असता तर तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं असतं, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज लवकर फिटलं असतं, काय काय झालं असतं. मी यादी करू लागले तशी ती गोधडीचा कोपरा नीट करत बसली.

"शोधते कधी कधी," ती म्हणाली. "दुपारी हे झोपतात तेव्हा. राग असणार कुठेतरी, एवढं झालं म्हटल्यावर. पण सापडत नाही, वहिनी."

मी म्हटलं, "माझ्याकडे भरपूर आहे. उसना घेऊन जा."

तिनं थोडा विचार केला. खरंच केला, चेष्टेत नाही. मग म्हणाली, "आज नको. आज नळवाला यायचाय. पूर्वी मालक बघायचा, आता मलाच उभं राहावं लागतं." आणि घड्याळाकडे बघून ती हातानं पलंगाचा आधार घेत उठली आणि न्हाणीतल्या बादल्या बाहेर काढायला गेली.